गणिताचा नवस

आज मी गणितात फर्स्ट क्लास बीएस्सी आहे म्हटलं, की माझ्या महापालिकेच्या शाळेतल्या मैत्रिणी अजून हसतात! मॅट्रिकला गणितात मी काठावर होते. सोमवार धरलेच होते, वर रामटेकच्या रामाला नवस बोलले, "पास कर, गड अनवाणी चढेन."

आणि झाले की हो पास! दुसऱ्याच दिवशी आईसोबत रामटेक गाठलं. उन्हानं पायऱ्या तापलेल्या. बघते तर पुढे आमच्या गणिताच्या बाई, त्याही अनवाणी!

"बाई, तुम्ही?"

"तू पास व्हावी म्हणून मीही बोलली होती वं!"

"शिकवण्यावर भरवसा नव्हता तुमचा?" आई हसली.

"शिकवण्यावर होता, हिच्यावर नव्हता!" मग माझा हात धरून म्हणाल्या, "आता कॉलेजात गणितच घे. पण पुढचा नवस तुझा तूच बोल, माझे पाय पोळून राहिले!"