बापटकाकांच्या ग्राइंडरचं उद्घाटन

आमच्या मॉरिसव्हिलच्या बापटकाकांचं ऐकलंत का? रिटायर्ड इंजिनियर, त्यामुळे काम कमी आणि कम्पॅरिझन जास्त. वादळात मागच्या अंगणात झाड पडलं. काकांचा चेनसॉ, म्हणजे झाड कापायची साखळीची करवत, बोथट. म्हणे, आधी चेनला धार लावायला स्वस्तातला ग्राइंडर शोधू. यार, दोन महिने नुसती एक्सेल शीट चालली होती!

शेवटी ग्राइंडर आला आणि उद्घाटनाला आम्हाला बोलावणं. मशीनला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मग काकांनी चेन ग्राइंडरवर अशी दाबून धरली की तिचे दात निळे पडले.

"बघ, काय रंग आलाय!"

"काका, तापून दात कामातून गेले."

"तुम्हा आयटीवाल्यांना काय कळतंय!" म्हणत काका चेनसॉ घेऊन मागे गेले. तिथे झाडच नाही.

"अगं, झाड कुठे गेलं?"

काकू शांतपणे म्हणाल्या, "शेजारच्या डेव्हने मागच्या शनिवारीच कापून नेलं, तुमच्याच चेनसॉने. तुम्ही आत रिव्ह्यू वाचत होतात. दहा मिनिटं साधी कानस मारून धार लावली त्याने. परत देतानाही पुन्हा लावून दिली. तीच आज तुम्ही घालवलीत."