पलीकडच्या खोलीतून आलेला फोटो

मी, वय वर्षे एक्कावन्न, धंदा कवळ्या बनवणे, राहणार आमच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, पोलीस ठाण्यात स्वतःच्या पायाने येऊन सांगते ते असे.

कारखाना माझा आणि माझ्या थोरल्या बहिणीचा मिळून आहे. तिला मी ताई म्हणते, म्हणजे म्हणत असे. पुढच्या खोलीत ताई बसते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाची मापे कॉम्प्युटरवर पाठवतात, त्यांवरून ती कवळी आखते. मागच्या खोलीत मी ती बनवते, घासते, चकचकीत करते. मध्ये दार नाही, पडदा आहे. दोघींपुढे एकेक कॉम्प्युटर आहे.

आई गेल्यापासून आमच्यात अबोला आहे. आईची कवळी मी बनवली होती. शेवटी शेवटी आई जेवेना, तेव्हा कवळी ढिली होती म्हणून तिचे खाणे तुटले, असे ताई चार नातेवाइकांसमोर बोलली. कवळी ढिली नव्हती. आजारात आईच्या हिरड्या आटल्या होत्या. हे कृपया नमूद करावे. तेव्हापासून कामाचे बोलणे कॉम्प्युटरवरच्या निरोपांतून चालते. ताई लिहिते, "खालची कवळी, तातडीची." मी लिहिते, "झाली." एवढ्यावर धंदा चालतो, आणि बरा चालतो.

मंगळवारी दुपारी ताईच्या नावाने मला निरोप आला: "कशी आहेस? किती दिवसांत नीट बोललो नाही. जुना फोटो सापडलाय, बघ तर." खाली फोटो जोडलेला होता. माझे हात प्लास्टरने भरले होते. ते मी साबण लावून धुतले, कोरडे केले आणि माऊस हातात घेतला. मला फार आनंद झाला होता. हवालदारसाहेब म्हणाले की आनंदाचे लिहायची गरज नाही, पण झाला होता तो झाला होता.

फोटो उघडणार तोच मनात पाल चुकचुकली. ताईने मला "कशी आहेस" असे जन्मात विचारलेले नाही. बोलत होती तेव्हासुद्धा नाही. शिवाय आमच्या कॉम्प्युटरवाल्याने बजावून ठेवले होते की अचानक काही आले तर, नाव घरच्या माणसाचे असले तरी, उघडण्याआधी त्या माणसाला तोंडाने विचारा. त्याला काय जाते सांगायला! न विचारता उघडला आणि आत भलतेच काही निघाले, तर सगळी मापे जातील आणि कितीतरी माणसे दातांवाचून बसतील. न उघडता पुसून टाकला आणि तो खरोखर ताईचा असला, तर ती पुन्हा काही लिहिणार नाही, हे मला ठाऊक होते. मी पडद्यापाशी बराच वेळ उभी होते.

शेवटी मनाचा हिय्या करून पडदा सारला आणि विचारले, "ताई, फोटो तू पाठवलास का?"

ताईच्या हातात कोणाच्या तरी खालच्या जबड्याचा साचा होता. ती म्हणाली, "कसला फोटो?"

मला वाईट वाटले. ती उठून माझ्या टेबलाशी आली, निरोप वाचला, मग पुन्हा वाचला. "हे मी नाही लिहिलं गं," असे ती हळूच म्हणाली. लगेच ओरडली, "बघत काय बसलीस, आधी वायर काढ!" मी दोन्ही कॉम्प्युटरच्या इंटरनेटच्या वायरी उपटल्या.

नंतर असे उघड झाले की त्या दिवशी सकाळी "तुमचे खाते बंद होत आहे, पासवर्ड टाका" असा निरोप ताईला आला होता आणि तिने तो टाकला होता. मला विचारले असते तर टाकू दिला नसता. पण विचारणार कशी? चोराने तिच्या खात्यात शिरून हाच निरोप आमच्या सगळ्या डॉक्टरांनाही पाठवला होता. "कशी आहेस" वाचून त्या बाप्यांना काय वाटले असेल देव जाणे. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी एका टेबलाशी बसून त्यांना फोन करत होतो. एका डॉक्टरांनी फोटो उघडला होता. त्यांच्या कॉम्प्युटरला कुलूप लागले होते आणि ते उघडायला पैसे मागितले होते. "माझ्या पेशंटची मापं गेली हो," असे ते म्हणत होते. ताईने सांगितले, "घाबरू नका, आमच्याकडे आहेत." ताई दर शनिवारी सगळ्या कामाची नक्कल वेगळ्या डिस्कवर उतरवते, डिस्क कॉम्प्युटरपासून काढते आणि कपाटात ठेवते. मी तिला मनातल्या मनात खुळी म्हणत असे. तो शब्द मागे घेते. त्या पेशंटच्या कवळ्या वेळेवर होतील.

कॉम्प्युटरवाल्याने तपासून सांगितले की आमच्या कॉम्प्युटरना काही झालेले नाही. फोटो नव्हताच, व्हायरस होता. कसला फोटो असेल, याचा मी तोपर्यंत विचार करत होते. पासवर्ड बदलले आहेत. आता कारखान्याचे खाते उघडताना ताईच्या फोनवर आकडे येतात, ते ती मला पलीकडून ओरडून सांगते. आकडे माझ्याही फोनवर येतील अशी सोय करून देतो, असे कॉम्प्युटरवाला म्हणाला. आम्ही दोघी एकदम नको म्हणालो. पडदा धुवायला काढला आहे. अजून वाळायचा आहे.

चोर कोण ते मला माहीत नाही, कोणावर संशय नाही. त्याला शोधून शिक्षा करावी. दुसऱ्याच्या बहिणीच्या नावाने असे लिहिणे वाईटच.

हा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. कवळीचे वाक्य आले तेव्हा बाकावर बसलेल्या ताईने हवालदारसाहेबांना थांबवले. ती म्हणाली, "तिथे माझंही लिहा. कवळी ढिली नव्हती. मला तेव्हाच माहीत होतं." हवालदारसाहेब म्हणाले, "बाई, याचा गुन्ह्याशी काय संबंध?" ताई म्हणाली, "तुम्ही लिहा हो." सदर वाक्य ताईच्या सांगण्यावरून घातले आहे. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे, आणि तेही बरोबर आहे.