कुठंच न येणारा फोटो

तुम्हाला सांगतो, लग्नाच्या तिथी दाट असल्या की आपण काय काढतो हे फोटोग्राफरलाच दिसत नाही. यंदा माझं तसंच झालं. सीझन संपल्यावर सगळे फोटो बघितले, तर नवरा-नवरी सोडून काहीच बदललेलं नव्हतं. म्हणलं, आता जरा स्वतःसाठी काढून बघू.

म्हणून भोकरच्या बाजारात गेलो. पण कॅमेरा वर केला की माणसं ताठ व्हायची. पानवाल्यानं तर आधी केस विंचरले. कांदेवाल्यानं विचारलं, "कोणत्या पेपरात येनार?"

"कुठंच नाही."

"मग कशाला काढून राहिलात?"

मी कॅमेरा सावरत पुढं सरकलो. ऊन चढलं, मान भरून आली आणि सगळे फोटो आधारकार्डावरच्यासारखे निघाले. शेवटी एका मिरचीवाल्या मावशीच्या छपराच्या सावलीला टेकलो. तिनंही पेपराचंच विचारलं.

"कुठंच येणार न्हाई मावशी," कॅमेरा पिशवीत घालत मी म्हणालो.

"मग काढ की," ती म्हणाली. "पेपरात येनार असता तर पदर सावरावा लागला असता. सकाळधरनं लई दमले मी."

असं म्हणून तिनं पाय लांब केले, पोत्याला डोकं टेकवलं आणि तोंडभर जांभई दिली. मी घाईनं कॅमेरा काढून तेवढा एक फोटो घेतला.

मग मीही तिच्याशेजारी तसेच पाय लांब केले.