एकच बाही

हॅलो? … बोला वन्सं. आत्ताच जप संपला… नाही, नाही, बोला ना.

कुठे? … लाँड्रीत? … अहो, पण तिथे कशाला गेलात…

हो, मीच सांगितलं होतं. सासूबाईंचा निळा स्वेटर… धुवायला दिला तो तिथूनच गेला… हो, पिशवीसकट.

तुम्ही भांडलात लाँड्रीवाल्या दादांशी? … गिऱ्हाइकांसमोर? …

काय म्हणाले?

… परत सांगा. … ‘वहिनी खोटं बोलायच्या नाहीत, माझ्याकडूनच गेला असेल’… असं म्हणाले?

माळ्यावरचे गठ्ठे काढतायत? … शिडीवर? त्या गुडघ्यांनी? … वन्सं, आधी उतरवा त्यांना. … सांगते ना, उतरवा.

उतरले? … ऐका. स्वेटर तिथे नाहीये.

कारण मी दिलाच नव्हता.

… हो. ऐकताय ना?

उसवला मी. … उसवला, वन्सं. नातवाच्या शालीला लोकर कमी पडली, तो निळा कुठे मिळेना. एकच बाही घेईन म्हणून बसले… मग दुसरी… पाठीपर्यंत आले तेव्हा ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

हो, तीच शाल. परवा तुम्ही हात फिरवून ‘किती मऊ गं’ म्हणालात… तीच. विणण्याआधी लोकर धुतली, ओली असताना वजन बांधून टांगली, तरी तिच्या जुन्या वळ्या काही गेल्या नाहीत. मला वाटलं, ओळखाल. तुम्ही आईच्या आठवणीने स्वेटर मागितलात, आणि माझ्या तोंडून ‘लाँड्रीत दिलाय’ असं निघून गेलं. मग तुम्ही विचारत गेलात, मी लांबवत गेले… पिशवी, तिची तुटलेली चेन… चेन तर सांगता सांगताच सुचली.

… बोला. हातात माळ आणि तोंडात हे, बोलाच तुम्ही.

… रडू नका ना. गळ्याची पट्टी ठेवलीय. तेवढी उसवायला हात धजला नाही. आज आणून देते… बरं. नको तर नको.

नाही, त्यांना तुम्ही नका सांगू. फोन द्या त्यांच्याकडे. … द्या ना.

… दादा? मी बोलतेय. … तुम्ही कशाला माफी मागताय… नाही, सापडणार नाही तो. माझं ऐका आधी. मी तुमच्याकडे स्वेटर दिलाच नव्हता. खोटं नाव घेतलं तुमचं.

… दादा?

… ऐकू आलं ना? इस्त्रीची वाफ ऐकू येतेय मला… काहीतरी बोला. रागवा हवं तर…

हॅलो?

… ठेवला.