दुसऱ्या वर्षाची झाडं

(१९७४. नागपूर, सक्करदऱ्यातलं एक घर. रविवार दुपार. ओट्यावर गोदूबाई, समोर उन्हातून आलेल्या सुमतीबाई.)

सुमती : मागच्या वेळीही तुम्ही हेच म्हणालात, काकू. सर नरखेडला गेले म्हणून.

गोदूबाई : त्यायनं सांगितलं तसं म्हटलं मी. आता नाही म्हणत. उन्हाच्या आल्या तुमी, आत या. अहो, कडी काढा जी. त्या पत्रिकेवाल्या बाई आल्या, अन् माह्यानं आता खोटं बोलणं होत नाही.

वामनराव : गोदू, तुले सांगितलं होतं ना वं... बसा, बाई. पाणी आण त्यांना.

सुमती : सर, मी सुमती. तुमचा लेख ज्या त्रैमासिकात आहे, त्याची सहसंपादक. आपण कधी भेटलो नाही, पण इतकी पत्रं लिहिलीत तुम्हाला, की ओळख करून द्यायला संकोच वाटतो. साधं पत्र, मग स्मरणपत्र, मग रजिस्टर. त्याची पोचपावती तुमच्या सहीनं परत आली, म्हणजे मिळालं आहे. लेख तुम्हा दोघांचा, तुमचा आणि रविंद्र नंदनवारचा. परीक्षकांनी पसंत केला, छपाईचे खिळे जुळले, प्रूफ दोघांना गेलं. रविंद्रनं पावसाळ्यातच, हाती पडल्या दिवशी सही करून दिली. तुमचा होकार नाही आणि नकारही नाही. दोघांच्या सह्या नसल्या तर आम्ही छापत नाही, आणि लेखकानं मागे घेतल्याशिवाय एरवी अंकातून काढतही नाही. अख्खा अंक अडकून पडलाय.

वामनराव : मग टाका ना काढून. उत्तर येत नाही म्हणून.

सुमती : आमचे संपादक बाबाराव हेच म्हणून राहिले. मीच त्यांना थोपवलंय. रविंद्रची कॉलेजातली नेमणूक तात्पुरती आहे, दिवाळीनंतर निवड समिती बसते. छापलेला लेख नसेल तर त्याला कोण विचारतं? तो ऑफिसात आला होता. मला वाटलं, भांडेल. पण नाही. 'सरांचं सरांनाच विचारा' एवढंच म्हणाला आणि उठला. त्याचा चेहरा पाहवला नाही, म्हणून आले. त्याच्यावर राग आहे का तुमचा?

वामनराव : राग कशाचा, बाई? उमरेडच्या विणकराचं पोर. बापाचा माग बंद पडला तेव्हा त्याला इथं, याच घरात ठेवून शिकवला. मी निवृत्त झालो तेव्हा कॉलेजातलं माझं टेबल मी त्याला दिलं.

सुमती : मग?

वामनराव : नरखेडला धोंडबा आहे, हिचा भाऊ. संत्र्याच्या डिंक्या रोगावरचा आमचा लेप पहिल्यांदा त्याच्याच बगीच्यात लावला. पहिल्या वर्षी खोडातून गळणारा डिंक थांबला, बहार आला, धोंडबानं टोपलीभर संत्री आणून दिली. त्याच भरवशावर आम्ही लेख लिहिला. यंदा आषाढात मी सहज म्हणून गेलो. धोंडबानं हात धरून झाडापाशी नेलं. मी नखानं लेप खरवडला. खालची साल काळी, ओली. बोट आत गेलं माझं. पुढचं झाड तसंच, त्याच्या पुढचंही. लेपानं रोग मारला नव्हता, झाकला होता. हे छापलं तर सारा तालुका लावेल, बाई. आमच्या नावावर विश्वास ठेवून लावेल.

सुमती : मग मागे का नाही घेतला?

वामनराव : मागे घ्यायचा तर रविंद्रला कारण सांगावं लागतं. त्याला कळलं की तो स्वतः समितीपुढे जाऊन बोलून मोकळा होईल, मला ठाऊक आहे. त्याची जागा गेली. अन् सही केली तर लोकांची झाडं गेली. कुठंच पाय टाकता येईना, म्हणून गप्प राहिलो. वाटलं, कंटाळून तुम्हीच परत पाठवाल; लेख नसला तरी फसल्याचा डाग त्याला लागणार नाही.

सुमती : आणि त्याला राग आमचा येईल.

वामनराव : हो. माझा नाही येणार.

सुमती : मी तुमच्या बाजूनं भांडत होते, सर.

वामनराव : माहीत नव्हतं मला. माहीत असतं तरी... काय सांगू? दर रविवारी येतो तो. आज सकाळीही येऊन गेला. मी आतल्या खोलीत कडी लावून बसतो. वाटेत भेटेल म्हणून बाजारात जात नाही, तळ्याकडे फिरायला जात नाही. आपल्याच घरात कैदी झालो.

गोदूबाई : कैदी तुमी नाही. मी आहो.

वामनराव : तू काहून?

गोदूबाई : त्याले माहीत आहे.

वामनराव : काय माहीत आहे?

गोदूबाई : झाडं. पोळ्याच्या सुट्टीत तो गेलता नरखेडले. धोंडबा घरी नव्हता, तर एकटाच बगीच्यात फिरला. तुमी पाह्यलं ते सारं त्यानं पाह्यलं. मंग इथं आला, या ओट्यावर बसला अन् रडला. म्हणे, काकू, सरले नोका सांगू, साऱ्या जन्माची मेहनत आहे सरची, त्यायच्यानं सोसवणार नाही. मले शप्पथ घातली. तुमी आतून म्हणता त्याले सांगू नको, तो भाईरून म्हणते सरले नोका सांगू. अन् माह्या माय-बापानं लावलेली झाडं तिकडं सडून राहिली. मी कोणापाशी बोलू?

वामनराव : मग त्यानं सही काहून केली?

गोदूबाई : सही पह्यले केली. झाडं मंग पाह्यली.

वामनराव : माहीत आहे, तर दर रविवारी येते कशाले?

गोदूबाई : तुमाले सोता सांगाले येते. अन् तुमी घरी नाही म्हटलं, का त्याचा जीव भांड्यात पडते. चहा पिते अन् जाते.

सुमती : सर... पाणी घ्या.

वामनराव : नको. बाई, तुमच्या अंकाचं काय करता?

सुमती : हा लेख काढून टाकू. पान दुसऱ्या मजकुरानं भरू. पण दुसऱ्या वर्षाची झाडंही लिहिता येतात, सर. लेप फसला, कसा फसला, कोणी लावू नये. तेही आम्ही छापतो. मात्र दोघांनी मिळून लिहावं लागेल, आणि सह्या दोघांच्या.

वामनराव : अन् समिती?

सुमती : समितीपुढे तो लेख उपयोगाचा नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. मी खोटी आशा लावणार नाही.

वामनराव : म्हणजे जागा जाईल त्याची.

सुमती : बहुतेक.

वामनराव : इतके महिने जे वाचवत होतो, ते वाचलंच नाही. अन् पोरगा मात्र एकटा पडला.

सुमती : तुम्हीही पडलात.

वामनराव : सदरा दे वं, गोदू. धुतलेला दे. त्याच्या खोलीवर जाऊन येतो.

गोदूबाई : थांबा, मीबी येते.

वामनराव : एवढ्या उन्हात तू कशाले?

गोदूबाई : तुमी दोघं समोरासमोर बसान अन् चूप राहान. कोणीतरी बोलाले पाह्यजे.