टेकडीवरचा निळा

...अहो, पण सरकवून सरकवून निळा सरकवणार कुठे? तुम्हाला सांगतो, नगरपालिकेत नकाशे काढता काढता डोळ्यांवर जाड चष्मा आला, पण एका रंगानं असा छळ कधी मांडला नव्हता. वरून आदेश आला, की यापुढे शाळा, रस्ता, गटार, काहीही बांधायचं तर वाढत्या पावसाचं पाणी कुठे शिरेल ते आधी बघा, तिथे निळा रंग द्या, आणि निळ्यात बांधकाम बंद! मी इमानेइतबारे दिला. दुसऱ्या दिवशी टेबलापुढे ही रांग! डॉक्टर म्हणे, दवाखान्याची किंमत पडेल, निळा जरा सरकवा. बिल्डर खुर्ची ओढून, आवाजात साखर घोळून, "भाऊ, तुमचा तो निळा... जरा सरकवा ना." घरी गेलो तर सासूबाई! "जावईबापू, नेमका आमच्याच गल्लीवर कशाला? सरकवा की जरा." सरकवला. सगळ्यांचाच सरकवला. पण पाणी कुठेतरी दाखवायला नको? शेवटी साहेबांनीच जागा काढली, स्मशान. म्हटलं, साहेब, ते टेकडीवर आहे, गावात सगळ्यात उंच. साहेब शांतपणे म्हणाले, "असू दे. तिथून तक्रार घेऊन कोण येतंय?"

आणि जिथून निळा हटवला, त्या सखल जागेत बालवाडी उभी राहिली. माझी छोटी तिथेच जाते.

तक्रार घेऊन कोण येतंय म्हणे! माझे वडील येतात! जाऊन कितीतरी वर्षं झाली त्यांना, पण दुपारी डबा खाऊन टेबलावर डोकं टेकलं रे टेकलं, की समोर येऊन बसतात. मला वाटलं, आता हेही म्हणणार, निळा जरा सरकव. तर नाही हो... मायेनं म्हणाले, "टेकडीवर आम्ही सगळे सरकून बसलोय रे. जागा केलीय. छोटीपुरतीही केलीय."

खाडकन जागा झालो. तसाच साहेबांकडे धावलो. म्हटलं, बालवाडी टेकडीवर हलवू या, तिथे पाणी कधीच चढायचं नाही. साहेबांनी माझाच नकाशा माझ्यापुढे पसरला. "टेकडी निळ्यात आहे. पोरांना धोक्यात घालतोस?" म्हटलं, मग निळा जरा सरकवा... हो, मीच म्हणालो, मी!

"कुणाच्या घरावर?" त्यांनी विचारलं.

नकाशा गुंडाळून परत आलो. छोटी रोज सकाळी उड्या मारत उतारानं खाली जाते, मी आभाळाकडे बघत बसतो... आणि टेकडीवर राहायची परवानगी, नियमाप्रमाणे, फक्त मेलेल्यांनाच आहे.