कठड्यातली वाट

दौंडच्या हाडांच्या दवाखान्यात नंबराला वेळ होता. चांगदेव गुरुजींनी पुस्तक उघडलं होतं, पण शेजारच्या बाकावरचं बोलणं कानावर आलं आणि पान काही उलटेना. पायाला प्लास्टर घातलेल्या तरुणापुढं एका म्हाताऱ्यानं कागद धरला होता.

"महेंद्र, सही कर. हायवेवाले आपली वाट बुजवायला निघाल्यात."

"कसला अर्ज हाय, आप्पा?"

"हायवेच्या कठड्याचे पत्रे परत बसवू नका म्हनून. उसाची ट्रॅक्टरं काय भांडगावावरनं वळसा घालून न्यायची?"

"आमची गाडी शंभराच्या वर होती, आप्पा. कठड्याला घासत चालली होती. पत्र्यानं धरून ठेवलं होतं आम्हाला. मग पत्राच संपला."

"वाचलास, नशीब तुझं."

"मी दारातनं बाहेर फेकलो गेलो. सत्यजीत गाडीसंगं कालव्यात गेला. आन् तिथले बोल्ट मीच खोलले होते."

"गावासाठी खोलले. तवा तूच म्हनला, माझ्याकडं पाना हाय."

"व्हय. पत्रे सत्यजीतनं उचलले."

"मग झालं तर! साऱ्या गावानं सह्या केल्यात. पाय मोडलाय तुझा, हात न्हाई."

"त्याच्या बायकोची, सविताची घेतली?"

"तिची कशाला? अजून तेरावं न्हाई झालं."

"गाडी कुठनं खाली गेली, ते तिला ठावं हाय. ती वाट कुनी पाडली, ते न्हाई. माझी जीभ उचलत न्हाई, आप्पा. तुम्ही सांगा, आन् मग हा कागद तिच्यापुढं धरा. तिनं केली, तर मी करतो."

आप्पांनी कागदाची घडी घातली, पुन्हा एक घातली.

"डॉक्टर कवा येत्यात रं?"